आज आसपास काय दिसले? साध्या छायाचित्रांचा धागा

ओसरी (ठाणे)

मंडळी, कास पठारावरचा फुलोरा, घाटातले धबधबे आणि किल्ल्यांवरचे सूर्योदय यांची देखणी छायाचित्रे आपण सर्वजण पाहतो आणि त्यांचे कौतुकही मनापासून करतो. परंतु आपला दिवस ज्या जागांमध्ये जातो, म्हणजे जिना, गच्ची, बसथांब्यामागचा नाला, मंडईचा कोपरा, शेताचा बांध, त्या जागा एकमेकांना दाखवण्याचे आपल्याला सहसा सुचत नाही. हा धागा त्या जागांसाठी उघडला आहे. छायाचित्र साध्या मोबाईलवर काढलेले असले तरी चालेल, किंचित हललेले असले तरीही चालेल. मात्र ते स्वतः काढलेले असावे, आणि त्याखाली गाव किंवा तालुका, तारीख आणि जे दिसले त्याविषयी दोन-तीन वाक्ये अवश्य लिहावीत. नुसते चित्र पाहून «सुंदर» एवढेच म्हणता येते. ते कुठले व कधीचे हे कळले, तर त्यावर बोलता येते.

सुरुवात माझ्याकडून करते. आमच्या सज्जातल्या कढीपत्त्याची ही चार छायाचित्रे जूनच्या पहिल्या पंधरवड्यातील आहेत. पहिल्यात पानावर पक्ष्याची शिट पडल्यासारखे जे काळे-पांढरे दिसते, ती कॉमन मॉरमॉन या फुलपाखराची लहान अळी आहे. अळी या रूपात असेपर्यंत पक्षी तिच्याकडे फारसे लक्ष देत नाहीत. दुसऱ्या छायाचित्रात तीच अळी शेवटची कात टाकून हिरवीगार झाली आहे. तिसऱ्यात तिच्या डोक्यामागून लाल, दुभागलेले शिंग बाहेर आले आहे. फोडणीसाठी पाने खुडताना डहाळी हलली की ती हे शिंग बाहेर काढते आणि एक उग्र वास सोडते. चौथ्या छायाचित्रात कुंडीच्या काठीला रेशमी धाग्याचा पट्टा घालून टेकलेला कोष आहे. हे कुटुंब लिंबावर, कढीपत्त्यावर, बेलावर वाढते, आणि २०१५ मध्ये आपल्या राज्याचे फुलपाखरू म्हणून घोषित झालेले ब्लू मॉरमॉनही याच गोतावळ्यातले आहे. त्यामुळे ज्यांच्या घरी लिंबाचे एखादे रोप असेल, त्यांनी पानांची खालची बाजू एकदा पाहावी.

दूरदेशी (न्यू जर्सी)

ओसरीताई, चारही छायाचित्रे मुलीला दाखवली आणि शिंगाचे छायाचित्र तिने कितीतरी वेळा पाहिले. आमच्याकडे नेवार्कच्या ब्रँच ब्रुक पार्कमध्ये पाच हजारांहून अधिक चेरीची झाडे आहेत आणि एप्रिलमध्ये तिथे लोटणारी गर्दी बहुतेकांनी छायाचित्रांतून पाहिलीच असेल. मी मात्र सोबत आमच्या गल्लीतल्या एकाच चेरीच्या झाडाची छायाचित्रे जोडत आहे. त्यांत बर्फाने वाकलेल्या फांद्या आहेत, कळ्या धरलेली डहाळी आहे, आणि पाकळ्यांनी झाकलेली शेजाऱ्यांची मोटारही आहे.

एक विनंती आहे. तुम्हा मंडळींना जे अगदी किरकोळ वाटते, तेच कृपया जास्त टाका. गच्चीवर जुन्या सुती साडीवर घातलेल्या कुरडया, ओल्या डांबरी रस्त्यावर पडलेला गुलमोहराचा सडा, एसटीच्या खिडकीच्या काचेवरचे ओघळ, अशी छायाचित्रे आम्हाला कुठेही मिळत नाहीत. पर्यटनाच्या पानांवर सगळा महाराष्ट्र आहे, पण आमच्या आठवणीतला महाराष्ट्र तिथे नाही.

खटपट्या (पिंपरी)

धाग्याची कल्पना उत्तम आहे. तारखेच्या बाबतीत एक तांत्रिक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. मोबाईलने काढलेल्या मूळ फाइलमध्ये दिनांक, वेळ आणि स्थाननिश्चिती चालू असल्यास अक्षांश-रेखांशही नोंदलेले असतात. तेच छायाचित्र व्हॉट्सअॅपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवले, की ते आकाराने लहान केले जाते आणि ही दडलेली माहितीही निघून जाते. पुढे कोणी ते उतरवून घेतले की फोनच्या गॅलरीत ते त्या दिवसाच्या तारखेखाली जाऊन बसते. बहावा एप्रिलमध्ये फुलला की जूनमध्ये, याचा घोळ अशा प्रकारे होतो. म्हणून शक्य असेल तेव्हा मूळ फाइल चढवावी, किंवा ती डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, आणि तारीख हाताने लिहावीच.

याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवली पाहिजे. घरातल्या सज्जाचे मूळ छायाचित्र जसेच्या तसे चढवले, तर त्यासोबत घराचा नेमका पत्ताही जाऊ शकतो. ज्यांना तो द्यायचा नसेल त्यांनी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये स्थाननिश्चिती बंद करावी आणि फक्त तालुका लिहावा.

रंधा (अकोले)

आमच्या तालुक्यात मेअखेरीपासून पाऊस स्थिरावेपर्यंत काजव्यांचा हंगाम असतो, आणि त्या काळात भंडारदऱ्याच्या परिसरात छायाचित्रे काढायला येणाऱ्यांची रीघ लागते. त्यामुळे हे लिहिणे मला माझे कर्तव्य वाटते. झाड अन् झाड दिव्यांनी भरून गेल्यासारखी जी काजव्यांची छायाचित्रे तुम्ही पाहता, ती बहुतांशी एका क्षणाची नसतात. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून बराच वेळ घेतलेल्या अनेक चौकटी एकमेकींवर रचून ती तयार केलेली असतात. त्या कलेविषयी माझी तक्रार नाही, परंतु तेवढाच प्रकाश प्रत्यक्ष दिसेल या अपेक्षेने आलेला माणूस हिरमुसतो, मोबाईलचा दिवा लावतो आणि फ्लॅश मारतो. काजव्यांचे चमकणे हा नराने मादीला आणि मादीने नराला दिलेला संकेत आहे, आणि आपल्या दिव्यामुळे तो संकेतच बुजतो.

मी सोबत जोडलेले छायाचित्र साध्या मोबाईलच्या रात्रीच्या मोडवर, फोन दगडाला टेकवून काढले आहे. त्यात हिरड्याच्या झाडावर फक्त सात-आठ हिरवट ठिपके दिसतात. प्रत्यक्षात ठिपके याहून पुष्कळ होते, हे खरे आहे. तरीही जे डोळ्यांना दिसते त्याच्या जवळ जाणारे हे चित्र आहे असे मला वाटते, म्हणून कसलाही संकोच न बाळगता ते येथे ठेवतो.

मेहकर रस्ता (बुलढाणा जिल्हा)

छायाचित्र आणि प्रत्यक्ष यांतल्या फरकाचा विषय निघालाच आहे, तर आमच्या जिल्ह्यातील एक प्रसंग सांगतो. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. उल्कापाताने काळ्या कातळात तयार झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर आहे आणि त्यातले खारे पाणी शेवाळामुळे एरवी हिरवट दिसते. त्या दिवसांत काठावरून मोबाईलने काढलेली छायाचित्रे भराभर सगळीकडे पोहोचली. ती पाहणाऱ्यांपैकी अनेकांना आधी वाटले, की कोणीतरी संगणकावर रंग बदलला आहे. पुढे वनविभागाने पाण्याचे नमुने तपासणीसाठी पाठवले, आणि क्षारांचे प्रमाण वाढल्यामुळे हॅलोआर्किया नावाच्या मीठप्रिय सूक्ष्मजीवांची वाढ होऊन त्यांच्या रंगद्रव्याने हा बदल झाल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळले. तो रंग कायमचा टिकला नाही.

माझे म्हणणे असे आहे, की त्या जूनमधली छायाचित्रे ढिगाने आहेत, परंतु त्याच्या आदल्या जूनमध्ये त्याच जागेवरून काढलेले साधे, काहीही विशेष नसलेले छायाचित्र किती जणांकडे असेल? बदल झाल्यावर सगळेच कॅमेरा उचलतात. बदलाआधीचा रोजचा दिवस ज्याने टिपून ठेवला आहे, त्याच्या चित्राशिवाय तुलना कशाशी करणार? आणि म्हणूनच, या धाग्यावर येणाऱ्या छायाचित्रांचे रंग भडक करू नयेत असे मला आग्रहाने सुचवावेसे वाटते. मोबाईल स्वतःच थोडीफार रंगसफेदी करतो, ते आपल्या हाती नाही. त्यावर आपण आणखी पुटे चढवली, तर पाणी खरोखर कोणत्या रंगाचे होते हे दहा वर्षांनी कोणालाच सांगता येणार नाही.

दूरदेशी (न्यू जर्सी)

रंगांबद्दल पूर्ण सहमत आहे. फक्त अंधारात काढलेले छायाचित्र थोडे उजळ करण्याची मुभा असावी, अन्यथा आमच्याकडच्या डिसेंबरातले काहीच दिसणार नाही.

ओसरी (ठाणे)

उजळ करणे, वाकडे असेल तर सरळ करणे आणि कडा कापणे यांना काहीच हरकत नाही. रंग मात्र आहेत तसे राहू द्यावेत.

शिवार (बार्शी)

नमस्कार, मी या धाग्यावर नवीन आहे. आमच्या पडीक रानात टिटवीने खडकाळ जागी चार अंडी घातली आहेत. अंडी इतकी मातीच्या रंगाची आहेत, की दोन पावलांवर उभे राहूनही प्रथम दिसली नाहीत. अगदी जवळून काढलेली छायाचित्रे चढवू का? रोज एक याप्रमाणे पिल्ले बाहेर येईपर्यंत चढवण्याचा विचार आहे.

माळरान (सासवड)

शिवार, तुमचे स्वागत आहे आणि तुमचा उत्साह पाहून आनंद झाला. तरीही ही छायाचित्रे काढू नयेत आणि येथेही ठेवू नयेत, असे मी स्पष्टपणे सांगतो. टिटवी घरटे बांधत नाही, उघड्या जमिनीवरच्या खळग्यात अंडी घालते, त्यामुळे अंड्यांचा रंग आणि तिची स्वतःची सावली एवढेच त्यांचे संरक्षण असते. उन्हाच्या दिवसांत ती पोटाची पिसे पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसून त्यांना गारवा देते. तुम्ही जवळ उभे असेपर्यंत ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालते आणि तेवढा वेळ अंडी उन्हात भाजत राहतात. त्याहून वाईट गोष्ट अशी, की कावळे आणि भटकी कुत्री माणसाच्या वर्दळीकडे लक्ष ठेवून असतात, आणि रोज त्याच जागी जाणाऱ्या माणसाची पायवाट त्यांना नेमकी जागा दाखवते. देशातील पक्षिनिरीक्षकांच्या अनेक गटांमध्ये विणीच्या काळातील घरट्यांची छायाचित्रे स्वीकारतच नाहीत, आणि तो नियम मला अत्यंत योग्य वाटतो.

बांधावर बसून, लांबून, ओरडणाऱ्या टिटवीचे छायाचित्र काढा. चित्रात ती अंगठ्याएवढी दिसली तरी पुरेसे आहे. पाय पिवळे आणि चोचीजवळचा मांसल भाग लाल दिसला, तर ओळखीला काही अडचण येत नाही.

शिवार (बार्शी)

तुमचे म्हणणे पटले, परंतु पूर्ण नाही. आमच्याकडे टिटवीने अंडी कुठे घातली यावर पावसाचा अंदाज बांधतात. उंचवट्यावर घातली तर पाऊस जास्त आणि सखल जागी घातली तर कमी, असे वडीलधारी माणसे सांगतात. हा अंदाज खरा ठरतो की नाही, हे पाहायचे असेल तर जागेची नोंद कोणीतरी ठेवलीच पाहिजे. शेतकऱ्याचे रानात जाणे तर रोजचेच असते, आणि टिटवीलाही त्याची सवय असते.

माळरान (सासवड)

हा मुद्दा मला मान्य आहे आणि तो महत्त्वाचा आहे. नोंद जरूर ठेवा, पण ती अंड्यांच्या छायाचित्राने ठेवण्याची गरज नाही. जागा उंचावर होती की सखल, तारीख कोणती आणि त्या हंगामात पाऊस किती पडला, एवढे लिहून ठेवले की झाले. औताच्या मागे चालणारा माणूस आणि अंड्यांवर वाकून उभा राहिलेला माणूस यांत पक्षी फरक करतो, असे माझे अनेक वर्षांचे निरीक्षण आहे.

दुर्मीळ वनस्पती, गवताळ रानातल्या लांडग्यांच्या जागा, घुबडांच्या ढोल्या यांच्या बाबतीतही नेमके ठिकाण लिहू नये. आयनॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर धोक्यातील प्रजातींचे ठिकाण आपोआप सुमारे २० किलोमीटरच्या चौकटीत धूसर केले जाते. आपल्याकडे तशी यंत्रणा नाही, त्यामुळे ते भान आपल्यालाच ठेवावे लागेल.

मंडईची वाट (कल्याण)

माझी दोन छायाचित्रे आहेत. पहिले जूनमधले, शेवळांचे. जांभळट-तपकिरी कोंबांच्या जुड्या पाटीत उभ्या रचलेल्या आहेत आणि शेजारी हिरव्या काकडांचा, म्हणजे आंबट रानफळांचा, वाटा आहे. ज्यांनी ही भाजी केलेली नाही त्यांच्यासाठी सांगते, की शेवळांना खाज असते, म्हणून त्यांच्यासोबत आंबट काकडांचा रस घालावा लागतो, आणि विकणाऱ्या बाया ती दोन्ही बरोबरच घेऊन बसतात. दुसरे छायाचित्र नंतरच्या पंधरवड्यातले आहे. त्याच जागी, त्याच पाटीत टाकळा, फोडशी आणि कर्टुली आहेत. दोन्हीमध्ये फक्त पाटी आणि हात दिसतात. त्या मावशींचा चेहरा फार बोलका आहे, पण तो घ्यावा की घेऊ नये, याविषयी माझ्या मनाचा निश्चय होत नाही.

खाजनकाठ (तिसवाडी, गोवा)

मंडईची वाट, तुमच्या प्रश्नाचा आम्हाला येथे रोज सामना करावा लागतो. पणजीच्या फोंताइन्यास भागातल्या रंगीत घरांपुढे छायाचित्रे काढणाऱ्यांची इतकी गर्दी होते, की रहिवाशांना स्वतःच्या दारात उभे राहणेही अवघड होते, आणि काही घरांवर छायाचित्रे काढू नयेत अशा पाट्या लागल्या आहेत. माडांच्या दुतर्फा रांगांमुळे प्रसिद्ध झालेल्या पर्रा गावात २०१९ मध्ये पंचायतीने छायाचित्रणासाठी शुल्क आकारायला सुरुवात केली, तेव्हा त्यावर बरीच चर्चा झाली होती. जिथे माणसे राहतात ती जागा केवळ पार्श्वभूमी म्हणून वापरली गेली की राहणाऱ्यांना त्रास होतो, हे मी दोन्ही ठिकाणी पाहिले आहे.

आमच्या वाड्यावर सकाळी सायकलवरून येणाऱ्या पोदेराचे, म्हणजे पाववाल्याचे, छायाचित्र मी टाकत आहे. भोंगा, बांबूची पाटी, तिच्यावरचे निळे प्लास्टिक आणि त्याखालून डोकावणारे उंडे व पोई हे पाव एवढेच त्यात आहे. चेहरा घ्यायचा होता, म्हणून मी त्यांना विचारले. ते म्हणाले, «हाताचो काड, तोंडाचो नाका.» त्यावर मी पुन्हा विचारले नाही. मला वाटते, चित्र काढण्यापूर्वी विचारावे, काढल्यावर त्या व्यक्तीला ते दाखवावे, आणि ते कुठे व कोणाला दाखवणार आहोत हेही सांगावे. तुमच्या मावशी नेहमीच्या ओळखीच्या असतील, तर विचारायला अवघड जाणार नाही. मुलांच्या बाबतीत मात्र आईवडिलांच्या होकाराशिवाय कॅमेरा उचलूच नये.

मंडईची वाट (कल्याण)

विचारले. मावशींनी पदर सारखा केला, पाटीतली कर्टुली वर रचली आणि मग काढू दिले. त्यांच्या नातवाच्या फोनवरही छायाचित्र पाठवले आहे. येथे ठेवण्यास त्यांची संमती आहे.

जुनी वही (यवतमाळ)

मी निवृत्त शिक्षक आहे. विदर्भात आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस पेटतो, त्याच सुमारास मोहाची फुले पहाटे गळू लागतात, आणि उन्हे चढली की बहावा लोंबू लागतो. मी झाडांच्या फुलण्याच्या तारखा वहीत लिहीत आलो आहे आणि मोबाईल आल्यापासून त्याच झाडांची छायाचित्रेही काढतो. बहावा फुलला की सुमारे पंचेचाळीस दिवसांत पाऊस येतो, असा समज दर वर्षी ऐकू येतो. परंतु झाड एकदम फुलत नाही. एका फांदीला पहिला घोस येतो, मग काही आठवड्यांनी सारे झाड पिवळे होते. मोजणी कोणत्या दिवसापासून करायची, हेच ठरलेले नसेल तर तो समज तपासणार कसा? माझ्या छायाचित्रांत पहिला घोस आणि पूर्ण बहर वेगळे दिसतात, म्हणून ती वहीपेक्षा अधिक उपयोगी आहेत. सीझनवॉच या नागरिकांच्या उपक्रमातही ठरावीक झाड निवडून त्याच्या पालवीची, कळ्यांची, फुलांची आणि फळांची दर आठवड्याला नोंद करतात. आपणही प्रत्येकाने एक झाड निवडावे, आणि उभे राहण्याची जागाही तीच ठेवावी, असे सुचवतो.

रंधा (अकोले)

गुरुजी, मी कारवी या रानझुडपाचे एक रान निवडतो. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच सामुदायिक फुलते आणि मग मरते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २००८ आणि २०१६ मध्ये असा बहर आला होता. मधल्या वर्षांतल्या नुसत्या हिरव्या कारवीचे छायाचित्र कोणी काढत नाही. सोबत आमच्या गोठ्याच्या कुडाचे छायाचित्र देत आहे. शेणामातीचा लिंपा जिथे गळून पडला आहे, तिथे आतल्या कारवीच्या काठ्या आणि त्यांची पेरे स्पष्ट दिसतात. रानातली कारवी आणि भिंतीतली कारवी अशी दोन्ही छायाचित्रे शेजारी ठेवली आहेत.

दूरदेशी (न्यू जर्सी)

कुडाचे छायाचित्र मोठे करून पाहिले. आजोळच्या घराला असाच कूड होता आणि त्यात कारवी असते, हे मला आज कळले. मी गल्लीतले चेरीचे झाडच निवडते.

पावसाळी बांध (इगतपुरी)

ऑगस्टअखेरीस भाताच्या बांधावर काढलेले हे छायाचित्र आहे. ही पिवळी फुले सोनकीची आहेत का? आमच्याकडे काही जण याची कोवळी पाने भाजीसाठी खुडतात असे ऐकले.

माळरान (सासवड)

सोनकी नाही. सोनकीचे फूल लहानशा सूर्यफुलासारखे, मध्यभागी गोल चकती आणि भोवती पाकळ्या असे असते. तुमच्या फुलाचा आकार वाटाण्याच्या फुलासारखा आहे आणि वरच्या पाकळीवर दोन लाल ठिपके दिसत आहेत, म्हणून हा कवला असावा. खात्रीसाठी आणखी तीन छायाचित्रे हवीत: पान पूर्ण दिसेल असे एक, फुलाची मागची बाजू दाखवणारे एक आणि सबंध रोपाचे एक. फुलामागच्या हिरव्या कोशावर केस आहेत का, तेही पाहा. रानभाजीच्या बाबतीत मात्र छायाचित्रावरून झालेल्या ओळखीवर कोणीही विसंबू नये. जी बाई ती भाजी दर वर्षी खुडते, तिच्यासोबत जाऊनच खुडावी.

पावसाळी बांध (इगतपुरी)

तिन्ही छायाचित्रे जोडली आहेत. पाने चिंचेसारखी जोडीजोडीने आहेत आणि कोशावर राठ केस आहेत. शेजारच्या काकूंनीही पाहताक्षणी कवला असेच सांगितले. त्यांच्या मते भाजीसाठी आता उशीर झाला आहे, कारण फुले आल्यावर पाने जून होतात. पुढच्या वर्षी पहिल्या पावसानंतर त्यांच्यासोबत जाऊन कोवळ्या रोपाचे छायाचित्र येथे देईन.